तुम्ही आमच्या तात्यांना ‘ते’ म्हणालात

आदरणीय सर,

त्या दिवशी निघताना तुमचे आभार मानायचे राहून गेले. वडिलांचा कंठ दाटून आला होता, आणि काही बोलायला गेले असते तर माझीही तीच गत झाली असती. म्हणून आज लिहितेय. तुमचं नाव इथं घालत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही.

रयत शिक्षण संस्थेच्या साताऱ्यातल्या शाळेत तुमच्याकडे येण्याआधी चार महिने आम्ही हिंडत होतो. मुलीच्या जात पडताळणीसाठी तिच्या पणजोबांची, म्हणजे माझ्या आजोबांची, तात्यांची, शाळेतली नोंद हवी होती. कुठे काय झालं ते सगळं सांगत बसत नाही. एकच सांगते. एका टेबलापलीकडून माझ्या ७६ वर्षांच्या वडिलांना, त्यांना उभंच ठेवून, विचारलं गेलं, “तो शिकलेला होता कशावरून? त्या काळात तुमच्यातलं कोण जायचं शाळेत?” वडील काही बोलले नाहीत. बाहेर येऊन चप्पल घालताना त्यांनी भिंतीला हात टेकला, तेवढाच. तो हात अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

तुमच्या खोलीत शिरताना मनाची तीच तयारी करून आले होते. तुम्ही आधी खुर्ची ओढलीत, वडिलांना बसवलंत, नाव नीट विचारून घेतलंत आणि म्हणालात, “बरं. कोणत्या साली होते ते आपल्याकडे?”

होते ते. आपल्याकडे.

सर, तुम्हाला यात काही विशेष वाटलंही नसेल. पण चार महिने प्रत्येक टेबलावर आमचे तात्या ‘तो’ होते. रजिस्टरात ज्याचं नाव शोधायचं होतं, तो खटाव तालुक्यातून चालत आलेला, अंगात दुसऱ्याचा सदरा घातलेला १३ वर्षांचा पोर होता. त्या पोराला तुम्ही अहो-जाहो केलंत. आणि ‘आपल्याकडे’ म्हणालात, म्हणजे ८० वर्षांनंतरही तो तुमच्याच घरातला. वडिलांनी तेव्हा माझ्याकडे पाहिलं. इतकं सरळ बसलेलं मी त्यांना कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं.

मग जनरल रजिस्टरं निघाली. तुम्ही प्रत्येक पान खालून, अलगद, तळहातावर घेऊन उलटत होतात. १९४१ चं पान सापडलं. आम्ही ज्या रकान्यासाठी आलो होतो तो जातीचा, हे तुम्हाला ठाऊक होतं. तरी तुम्ही तो सगळ्यात शेवटी वाचलात. आधी वाचलंत ते नाव, गाव, इयत्ता आणि वर्तणूक. “वर्तणूक चांगली आहे हो यांची,” असं तुम्ही वडिलांना सांगितलंत, जसं पालकांना सांगतात.

तात्या आम्हाला बोर्डिंगच्या गोष्टी सांगायचे. भाकरी थापायला तिथंच शिकलो म्हणायचे, आणि आजी आजारी पडली की घरी त्यांच्याच हातची भाकरी असायची. पंगतीत शेजारचा कुठल्या जातीचा हे विचारायची सोय नव्हती, हे सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. अण्णांनी, म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटलांनी, १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ ला ती साताऱ्यात आणली. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते तिथल्या वसतिगृहाला छत्रपती शाहूंचं नाव मिळालं. १९४० ला मोफत आणि निवासी असं महाराजा सयाजीराव हायस्कूल उभं राहिलं, १९४७ ला छत्रपती शिवाजी कॉलेज. आज सातशेहून अधिक शाखा आहेत. या सगळ्याच्या मुळाशी अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने आहेत, मुलांच्या जेवणासाठी मंगळसूत्रसुद्धा विकलं त्या माउलीनं.

हे मला पाठ होतं, शाळेत भाषणं केली होती मी यावर. पण वडाचं झाड हे संस्थेचं बोधचिन्ह का, ते त्या दिवशी तुमच्या टेबलाशी बसून कळलं. पारंबी जमिनीला टेकली की तिथं नवं खोड होतं, पण फांदी जुन्या झाडाची सुटत नाही. संस्था खूप वाढली की माणसाचा नंबर होतो असा माझा अनुभव. तुमच्या कपाटात मात्र हजारो पोरांमधला एक पोर नावानिशी जपलेला होता आणि त्याची विचारपूस करणारं माणूसही तिथं होतं. अण्णांच्या हाताखाली वाढलेल्यांनी तुम्हाला शिकवलं असेल, असं मला वाटत राहतं. अशा माणसांना कुणी सत्कार-बित्कार करत नाही. ती खुर्ची ओढतात, नाव नीट विचारतात, आणि समोरचा माणूस ताठ मानेनं घरी जातो.

मुलीचं काम झालं. प्रमाणपत्र हातात आलं. वडील हल्ली कुणीही घरी आलं की सांगतात, “आमचे वडील एक्केचाळीस साली साताऱ्याला शाळेत होते.” पूर्वी ते ‘आमचा बाप’ म्हणायचे.

दिवाळीनंतर आम्ही तिघं येतोय. पेढे आणू, पण खरं काम वेगळं आहे. वडिलांना ते पान नातीला दाखवायचंय. तेवढं एकदा परत काढाल ना, सर? आणि वर्तणुकीचा रकाना तुम्हीच वाचून दाखवा, असं त्यांनी मुद्दाम लिहायला सांगितलंय.

आपली कृतज्ञ,
तात्यांची नात