भातुकली रडून गाऊ नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

भावगीत स्पर्धा असो की कराओकेची मैफल, ‘भातुकलीच्या खेळामधली’ हे गाणे हमखास असते आणि बहुतेकदा ते रडवेल्या सुरात गायले जाते. मंगेश पाडगावकरांचे शब्द, यशवंत देवांची चाल आणि अरुण दाते यांचा आवाज एवढे सगळे हाताशी असताना वरून हुंदके घालायची काय गरज?

ही एक गोष्ट आहे आणि ती सांगणारा राजाही नाही, राणीही नाही; तो तिसराच कोणी आहे. पहिल्या कडव्यात राजा म्हणतो, शब्दांवाचूनच मला सारे समजले. नेमके तेव्हाच राणीचे डोळे भरून येतात, ते का, हे त्याला समजत नाही. खरा घाव इथे आहे. दुसऱ्या कडव्यात ती आपण दूर जाणार असल्याचे सुचवते, तेही त्याला उशिरा उमगते. तिसऱ्यात तो जाब विचारतो, तिच्याकडे उत्तर नसते. शेवटी तर निवेदकच प्रश्न विचारत राहतो. ताटातूट घरच्यांमुळे झाली, जातीमुळे की पैशामुळे, याचा चारही कडव्यांत पत्ता नाही. नावगावही नाही. म्हणून विशीतला काय आणि साठीतला काय, ऐकणारा आपले माणूस त्यात बसवून मोकळा होतो.

स्पर्धेत वेळ कमी पडला की दुसरे कडवे गाळतात. मग राणी जाणार हेच श्रोत्याला कळत नाही आणि राजाचा पुढचा प्रश्न अधांतरी लोंबकळतो. कात्री लावायचीच तर मधल्या वाद्यमेळाला लावा. राजाच्या ओळी पुरुषाला आणि राणीच्या बाईला वाटून देण्याची हौसही आवरावी. त्याने गाण्याचे नाटुकले होते.

आता ‘भातुकलीच्या खेळामधली राजा आणिक राणी’ या ओळीची बांधणी पाहा. मात्रा म्हणजे उच्चाराच्या वेळेचे माप; ऱ्हस्व अक्षराची 1, दीर्घाची 2. 28 मात्रा, त्या 8, 8, 8 आणि 4 अशा. शेवटचा गट अर्धाच, म्हणजे ‘राणी’नंतर 4 मात्रांची जागा मोकळी राहते. तिथे मुरकी (स्वरांची झटकन घेतलेली वळणे) भरली की ओळीतली ओढ संपते. ‘अर्ध्यावरती डाव मोडला, अधुरी एक कहाणी’ या दुसऱ्या ओळीत ‘कहाणी’चा ‘क’ तिसऱ्या गटात येतो आणि ‘हाणी’ चौथ्यात. ठेका मोजत गाणारे हमखास ‘एकक, हाणी’ असे तोडतात. श्वास ‘मोडला’नंतर, म्हणजे 16 मात्रा झाल्यावर घ्यावा आणि उरलेल्या 12 मात्रा एका दमात म्हणाव्यात. लय फार उतरवली तर तेवढा दम पुरत नाही आणि शब्द पुन्हा फुटतो. ‘अर्ध्यावरती’तला रफार गिळू नये.

गायिकांनी पुरुषी पट्टीचा (म्हणजे पुरुषाच्या आवाजाला सोयीच्या उंचीचा) कराओके ट्रॅक तसाच घेऊ नये, पट्टी बदलून घ्यावी. नाही तर खालचे स्वर नुसती हवा होतात आणि एक सप्तक वर चढवले तर कुजबुजीचे गाणे आरोळी होते.

यशवंत देवांनी ‘शब्दप्रधान गायकी’ नावाचे पुस्तकच लिहिले आहे. तरी गुणपत्रिकेत सूर आणि ताल यांचेच रकाने दिसतात. आयोजकांनी शब्दोच्चारासाठी वेगळे गुण ठेवावेत आणि या गाण्याला चारही कडव्यांपुरता वेळ द्यावा, ही विनंती.

– सुगम संगीताची एक शिक्षिका, डोंबिवली