फक्त कॉलरबोन

चि. सोन्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझा 'फक्त कॉलरबोन' हा मेसेज आईने दोनदा वाचला आणि कणीक मळायला घेतली. रात्रीचे अकरा वाजले होते. फोनवर माझा आवाज चढला, म्हणून लिहितोय. ब्रेकचा विषय काढायचा नाही, असं ठरवूनच बसलोय.

प्लेट घातली की दहा दिवसांत ट्रॅकवर, म्हणालास. तिकडे करतात तसं, माहितीये मला. स्पीडवेची शर्यत म्हणजे चार फेऱ्या, मिनिटभराचा खेळ; पहिल्याला तीन गुण, शेवटच्याला भोपळा. इथे गिलमनच्या ट्रॅकवर तू भोपळा घेऊन पिट्समध्ये आलास तरी हसत यायचास. मीच तोंड पाडून साखळी पुसत बसायचो.

आबांना तुझ्या पाचशे सीसीचा फोटो दाखवला तेव्हा त्यांनी आधी नाव वाचलं. "जावा? अरे, ही तर आपल्या येझदीची थोरली बहीण!" मग चष्मा पुसून विचारलं, "ब्रेक कुठाय?" नसतो म्हटलं, तर मला म्हणाले, "तू बाप आहेस की कोण?"

खंबाटकी उतरताना ते मागे बसून माझा खांदा दाबायचे. मागचा आधी, पुढचा नंतर. तेच मी तुला सायकलवर शिकवलं आणि मग अशी गाडी घेऊन दिली, जिला दोन्ही नाहीत.

बघ, निघालाच विषय.

ब्रेक असता तर पुढच्याने वळणात दाबला असता आणि मागचे तिघे त्याच्यावर चढले असते. वेग मारायचा तो मागचं चाक घसरवून. पंधराव्या वर्षी तू हे मला जेवणाच्या टेबलावर ताटात वाटी फिरवून समजावलं होतंस. आमटी सांडली होती. मला पटतं ते. रात्री तीनला मात्र पटत नाही.

आपल्या अॅडलेडचा जॅक यंग १९५१ आणि १९५२ असा लागोपाठ जगज्जेता झाला, हे मी ऑफिसात ज्याला त्याला ऐकवतो. डार्सी वॉर्डचं कुणाला सांगत नाही. पोलंडमध्ये शर्यतीत पडला, २०१५, वय तेवीस. तेव्हापासून व्हीलचेअर. तुला पोलंडच्या लीगमध्ये जायचंय, पैसाही तिथेच आहे. जा. पण हाड जुळू दे. दोन मॅच चुकल्या म्हणून कुणाचं करिअर बुडत नाही, आणि बुडलंच तर...

जाऊ दे. पुन्हा लेक्चर झालं. चुकलो.

विम्याचा फॉर्म सही करून पाठव. मावशीला एक फोन कर, ती अजून धुसफुसतेय. मेतकूट कस्टम्समधून सुटलं का?

आणि मनगटाची दोरी आता कोण बांधतं? इथे मी बांधायचो, दोनदा ओढून बघायचो, तू वैतागायचास. पडलास तेव्हा ती निसटली ना? इंजिन लगेच बंद पडलं ना? तेवढं कळव. आईच्या नको, माझ्या फोनवर.

बाबा