मुलीला घर घे म्हणू का? गृहनिर्माणमंत्र्यांना खुले पत्र

मा. गृहनिर्माणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

माझी मुलगी पुण्यात वाकडला भाड्याने राहते. भाडं २८ हजार. शेजारच्या नव्या इमारतीत तेवढाच फ्लॅट ९५ लाखांना आहे. "आई, घेऊ का?" असं ती तीन महिने विचारतेय.

मी कागद घेऊन बसले. वर्षाचं भाडं ३ लाख ३६ हजार, म्हणजे ९५ लाखांवर जेमतेम साडेतीन टक्के. कर्ज मात्र साडेआठ टक्क्यांनी. ७५ लाख २० वर्षांसाठी काढले तर हप्ता ६५ हजार आणि नुसतं व्याज ८१ लाख. जावयांचं नाव लावलं की महिलांची सवलत जाते, मग मुद्रांक शुल्कच ७ टक्के. बांधकाम सुरू असेल तर ५ टक्के जीएसटी वेगळा. एवढं करूनही लोक घर घेतात, कारण किंमत वाढेल म्हणतात.

वाढतं नक्की काय? इमारत पहिल्या पावसापासून जुनी होत जाते. गच्चीची गळती, लिफ्ट, ड्रेनेज, सोसायटीची सचिव म्हणून मी दरवर्षी हेच बघते. भाव चढतो तो जमिनीचा. उद्या पुनर्विकास झाला तर एफएसआयही, म्हणजे किती बांधकाम करता येईल ते प्रमाणही, जमिनीवरच मिळणार.

आमची इमारत २००४ ची, ३२ फ्लॅट. जमिनीच्या मालमत्ता पत्रकावर आजही मूळ जमीनमालकाचं नाव आहे. मोफा, म्हणजे फ्लॅटधारकांसाठीचा राज्याचा कायदा, १९६३ चा; सोसायटी नोंदल्यावर चार महिन्यांत कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर, करून द्यायचं बंधन बिल्डरवर आहे. आमच्या बिल्डरने केलं नाही. उरलेल्या एफएसआयवर आपला हक्क आहे, असं तो सांगत राहिला. शेवटी आम्ही मानीव अभिहस्तांतरणाच्या, म्हणजे बिल्डरने दिलं नाही तरी सरकारी अधिकाऱ्याकडून कन्व्हेयन्स मिळवण्याच्या, मागे लागलो. प्रत्येकाचा करारनामा, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र गोळा करता करता दोन सभासद वारले. त्यांच्या मुलांकडे मूळ करारनामेच सापडेनात. आयुष्यभराचे हप्ते फेडलेली माणसं होती ती.

महारेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण, २०१७ मध्ये आलं आणि फरक पडला, हे मी मनापासून मान्य करते. कारपेटचा, म्हणजे घरात प्रत्यक्ष वापरायच्या जागेचा, हिशोब स्वच्छ झाला, ताबा लांबला तर व्याज मागता येतं. पण माझ्या मते घर ही गुंतवणूक ठरते की नाही, ते ताब्यानंतर ठरतं, आणि तिथे आम्ही एकटे पडतो.

म्हणून मागणी करते. ज्या बिल्डरने जुन्या प्रकल्पांचं कन्व्हेयन्स दिलेलं नाही, त्याच्या नव्या प्रकल्पाची महारेरा नोंदणी रोखा. आणि त्याच्या किती सोसायट्यांना जमीन मिळाली, किती अजून ताटकळताहेत, हे प्रकल्पाच्या महारेरा पानावर पहिल्याच ओळीत द्या.

मुलीने बुकिंगसाठी दसऱ्यापर्यंत मुदत मागितली आहे. त्या बिल्डरची ही माहिती मी कुठे बघू, एवढं तरी कळवावं.

आपली,
एक सोसायटी सचिव, पुणे