गाडी अंगणात लावायची आहे

प्रिय आई-बाबा,

फोनवर बोलायला गेलं की आई रडायला लागते आणि बाबा "बरं ठेव आता, रोमिंग लागेल" म्हणतात (बाबा, रोमिंग जाऊन जमाना झाला), म्हणून लिहितेय. चष्मा लावून सावकाश वाचा.

चार दिवस टाळत होते ते आधी सांगून टाकते. पुण्याची खोली सोडली मी. कपाट, मिक्सर आणि पुस्तकांचे खोके टेम्पोने कराडला येतील. इथे हिमाचलात जिस्पाच्या कॅम्पवाल्यांना पुढच्या सीझनला हो म्हटलंय, आणि थंडीत गोव्याच्या किनाऱ्यावरच्या शॅकचं काम आहेच मागच्या वर्षीसारखं. शॅक दिवाळीच्या आसपासच उभी राहते, सामान, स्टाफ सगळं लावायचं असतं, त्यामुळे दिवाळीला मी घरी नाही. झालं, आता ओरडा.

बाबा, तुम्ही बाथरूममध्ये पडलात ते मला दोन दिवसांनी कळलं. तेही शेजारच्या काकूंकडून, टाके पडले म्हणून. "उगाच पोरीला काळजी नको" हे तुमचं जुनंच आहे, पण मला त्या रात्री झोप लागली नाही. हिंजवडीत असते तर चार तासांत पोचले असते, हे मला कळतं. इथून मनाली तीन तास, रात्रीच्या बसने चंदीगड, तिथून विमान, मग पुण्याहून गाडी, म्हणजे सगळं सुरळीत गेलं तरी तीस तास. हा हिशोब कागदावर लिहून गाडीत चिकटवलाय. एक तिकिटाचे पैसे वेगळे ठेवलेत, त्याला हात लावत नाही. पण मला कळवलंच नाहीत तर त्या कागदाचा काय उपयोग?

पैशाचं म्हणाल तर नोकरीएवढे मिळत नाहीत, खोटं कशाला बोलू. पण राहणं-खाणं कॅम्पचं, भाडं नाही, पीपीएफ चालू आहे आणि मेडिक्लेमचा हप्ता मागच्याच महिन्यात भरला. एप्रिलमध्ये देवगडला आंब्याच्या पेट्या भरते त्याचेही थोडे येतात. आणि बाबा, सीझनवर जगणं आपल्याला काय नवीन आहे का? दसरा झाला की धनगरांचे तांडे कोकणात उतरायचे, तुम्ही त्यांची मेंढरं आपल्या रानात बसवायचात. ऊसतोडीच्या टोळ्या बीडकडून यायच्या, त्यांच्या कोप्यांपुढे मी खेळत असायचे. हां, ते पोटासाठी आणि मी हौसेने, हा फरक मला कळतो, लगेच तोंडावर मारू नका.

आई, तुझे प्रश्न. इको गाडीत प्लायवूडचा पलंग केलाय, त्यावर तुझीच जुनी गोधडी, आणि खिडक्यांना ती मोरपंखी साडी कापून पडदे शिवलेत (सांगायचं राहिलं होतं, रागावू नकोस). पाच किलोचा सिलिंडर आहे. रात्री फक्त पेट्रोल पंपावर किंवा गुरुद्वाऱ्याजवळ थांबते, आडरानात कधीच नाही. कॅम्पवर गरम पाणी मिळतं, आंघोळ रोज होते. बरं, एक दिवसाआड होते. जिस्पा ३२०० मीटरच्या आसपास आहे, पाणी लवकर उकळतं पण तेवढं तापत नाही, त्यामुळे तुझ्या तीन शिट्ट्यांच्या हिशोबात तूरडाळ कच्ची राहते, सहा-सात तरी लागतात. पहिल्या आठवड्यात सगळ्यांना कच्ची डाळ वाढली मी!

काम कष्टाचं आहे पण आवडतं. लोक मनालीहून थेट लेहच्या वाटेवरच्या सरचूला जाऊन झोपायचं म्हणतात, ४२०० मीटरच्या वर, आणि मग डोकी धरून बसतात. त्यांना इथे एक रात्र थांबवायचं, पाणी पाजायचं, बोटाला ऑक्सिमीटर लावायचा. पुढचे नाले दुपारी बर्फ वितळून फुगतात म्हणून सकाळी लवकर उठवून वाटेला लावायचं. कुणाला जास्त त्रास झाला तर खाली पाठवून द्यायचं, भले कितीही भांडोत.

आणि आई, इथून जवळच तांदीला चंद्रा आणि भागा या दोन नद्या मिळतात आणि पुढे चंद्रभागा होऊनच वाहतात. जम्मूकडे तिलाच चिनाब म्हणतात. आषाढीला मुद्दाम गेले होते. आपल्या प्रीतिसंगमासारखं कृष्णा-कोयना समोरासमोर येऊन भिडतात तसं नाही, पण उभी राहिले आणि बाबांच्या स्कूटरवर पुढे उभं राहून संगमावर जायचे ते आठवलं, भेळेचा कागद चाटायचे मी, आणि बाबा घरी आल्यावर तुला सांगायचे नाहीत. खूप आठवण आली तुमची. बाटलीत पाणी भरून ठेवलंय तुझ्या देवघरासाठी.

आता गुपचूप ऐका. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवून घ्या, प्लंबरशी बोलून ठेवलंय, त्याला "पुढच्या महिन्यात बघू" म्हणून परत पाठवायचं नाही. खाली रबरी मॅट. बाबांची तीन महिन्यांची शुगरची टेस्ट राहिलीय. बाबा आता सत्तरीच्या पुढचे आहेत, म्हणजे त्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार, त्याला उत्पन्नाची अट नाही. आधार घेऊन जाऊन ते काढा आणि कुठल्या हॉस्पिटलात चालतं ते आधीच विचारून ठेवा. आई, दिवाळीच्या सफाईला स्टुलावर चढायचं नाही, माळा तसाच राहू दे. आणि कुणी केवायसीसाठी फोन केला तर काही न बोलता ठेवून द्यायचा.

सप्टेंबरअखेर तंबू उतरतील. मग दिल्लीहून जो हायवे धरायचा तोच आपल्या कोल्हापूर नाक्यावरून जातो, त्यामुळे गोव्याला जाताना घर वाटेतच आहे. आठ दिवस राहणार. दिवाळीचं काय ते तेव्हाच करू, चकल्या मी पाडते. त्या स्थळाचं मात्र तेवढ्यात काही जुळवून ठेवू नका, प्लीज.

गाडी अंगणात लावायची आहे, तर तुळशीपलीकडच्या दोन मोठ्या कुंड्या आड येतील. त्या सरकवून ठेवा. नको, बाबा उचलायला जातील. तशाच राहू देत, मी आल्यावर सरकवते.

तुमची,
बबडी