अंगानं भरलेल्या माणसानं चौकडे का टाळावेत?

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला हिवाळी कपड्यांवरचा लेख वाचला. ‘जाड पुरुषांनी प्लेन आणि गडदच घालावं, चौकडे टाळावेत’ असं एका ओळीत उरकलंय ते अजिबात पटलं नाही म्हणून लिहितोय.

माझी छाती 50 इंच, नऊ वर्षं एडिंबराला राहतोय. पहिला ट्वीडचा (जाड, खरबरीत लोकरी कापडाचा) कोट घेताना ‘डिझाइन जितकं बारीक तितकं बरं’ असं कुणीतरी सांगितलं म्हणून बारीक हाउंडस्टूथ, म्हणजे दातेरी काळ्यापांढऱ्या चौकड्यांचा, घेतला, हातात धरला की सुंदर, पण दहा फुटांवरून बघितलं की पाठभर नुसतं काळंपांढरं लुकलुकायचं. पुढच्या वेळी इथल्या एका वयस्कर शिंप्यानं ताग्याचं टोक माझ्या खांद्यावर टाकलं आणि लांबच्या आरशात बघायला लावलं, तेव्हा कळलं की डिझाइन देहाच्या मानानं हवं. मध्यम आकाराचा हेरिंगबोन, म्हणजे माशाच्या काट्यासारख्या उभ्या पट्ट्या, नजर वरखाली नेतो. विंडोपेनचा, म्हणजे खिडकीच्या तावदानांसारखा बारीक रेघांचा, मोठा चौकडाही चालतो, फक्त चौकोन रुंदीपेक्षा उंचीला जास्त हवा आणि रेघ फिकी हवी.

खरा घोळ चौकड्यात नाहीच, रंगांच्या कॉन्ट्रास्टमध्ये आहे. हॅरिस ट्वीडची लोकर सूत कातायच्या आधीच रंगवतात, त्यामुळे एकाच धाग्यात शेवाळी, विटकरी, निळसर असे तंतू मिसळलेले असतात (उन्हात धरून बघा एकदा!) आणि लांबून सगळ्यांचा मिळून एकच मऊ रंग दिसतो, म्हणून चौकडा असूनही तो अंगावर येत नाही. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या आउटर हेब्रिडीज बेटांवरच्या विणकरांनी आपापल्या घरी विणलेल्या कापडालाच ‘हॅरिस ट्वीड’ हे नाव लावता येतं, तसा 1993 चा कायदाच आहे, कापडावर गोल आणि त्यावर क्रॉस असा शिक्का असतो तो बघून घ्यावं.

कापड मुळात जाड, त्यामुळे कोट सिंगल ब्रेस्टेड (समोर बटणांची एकच रांग) हवा, दोन बटणं, मागे दोन कट. आणि शिवून घेताना एक हट्ट धराच, खिशाच्या झाकणावरचा चौकडा खालच्या कापडाशी रेघेला रेघ जुळला पाहिजे, तो तिथे तुटला तर बघणाऱ्याची नजर नेमकी पोटापाशी अडकते.

पुढच्या लेखात 38 छातीच्या मॉडेलऐवजी 48-50 छातीच्या माणसाला हेरिंगबोन घालून उभं करा आणि तो फोटो छापा, एवढी मनापासून विनंती.

– एक वाचक, एडिंबरा