त्या तिघांचे आभार

सातवी ‘अ’ची मुलं ‘ब’च्या हजेरीत कशी घुसतात, हा माझ्या हजेरीच्या पायथन (संगणकाची एक भाषा) प्रोग्रॅममधला प्रश्न मी आधी चक्क कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅमचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारं सॉफ्टवेअर, लिहिणाऱ्यांच्या गटात टाकला होता! तिथल्या एकानं न हसता नवशिक्यांच्या गटाची वाट दाखवली. तिथं दुसऱ्यानं 40 ओळींचा कोड 6 ओळींवर आणायला लावला. निम्मा गुंता तिथंच सुटला. तिसऱ्यानं आयतं उत्तर न देता दोन्ही वर्गांच्या याद्यांचे आयडी (पायथन प्रत्येक यादीला देतो तो ओळख-क्रमांक) छापून बघायला सांगितले. आकडा एकच, म्हणजे यादीही एकच! फंक्शनला (कोडच्या पुन्हा पुन्हा वापरता येणाऱ्या तुकड्याला) डीफॉल्ट म्हणून, म्हणजे दुसरं काही न दिल्यास वापरायला, दिलेली रिकामी यादी दर वेळी नवी होत नाही, व्याख्येच्या वेळी एकदाच बनते. आता तिथं ‘नन’ (None, म्हणजे ‘काहीच नाही’) ठेवून यादी फंक्शनच्या आत बनवतो.

तुम्हां तिघांचे मनापासून आभार. हजेरी बरोबर लागते. मुलं मात्र अजूनही वर्ग बदलून बसतात.