मे महिन्यातली ‘चंगळ’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला कोकणातल्या घरगुती निवासांवरचा लेख वाचला. वाचला काल, लिहितेय आज. काल लिहिलं असतं तर आपण ते छापलं नसतंत. लेख छान आहे, भाषा ओघवती आहे. फक्त ‘चंगळ’ हा शब्द घशाखाली उतरला नाही. घर समुद्राला लागून, आंबा दारात आणि पाहुणे पैसे घेऊन तेही दारात, म्हणजे या लोकांना बारा महिने सुट्टीच, असा एकूण सूर. लेखकमहाशय नक्कीच डिसेंबरात जाऊन आले असणार.

माझं माहेर रत्नागिरी तालुक्यातलं. गावाचं नाव लिहीत नाही, नाहीतर जाहिरात केली म्हणाल. १९९८ साली लग्न होऊन सोलापूरला आले. दादानं पुढे ‘निवास व न्याहारी’ योजनेत घरातल्या तीन खोल्या काढल्या आणि माझं माहेरपण तिथेच संपलं. आता मी एप्रिलअखेर इथून चादरींचं नि टॉवेलांचं गाठोडं आणि पाच किलो शेंगाचटणी घेऊन निघते. मंगळवेढा, मिरज, कोल्हापूर, आंबा घाट करत पोचेस्तोवर दिवस मोडतो. आणि पोचल्यावर चहाचा कप खाली ठेवते न ठेवते तोच नारळ खवायला बसते. वहिनी पहाटे साडेचारला उठून घावनांचं बघते, दादा मासळीला बंदरावर. सुरमई ही समुद्रात सापडली तर ताटात येते, हे त्यानं किती पाहुण्यांना सांगावं?

आमच्या बाळंतिणीच्या खोलीला आता एसी आहे. याच खोलीत माझा जन्म झाला. मे महिन्यात तिथे माझं पाऊल पडतं ते केर काढायला. आम्ही सगळे खळ्यात, म्हणजे अंगणात झोपतो, आई पडवीत. पूर्वी माझी मुलं आणि भाचे मिळून दिवसभर पाण्यात डुंबायचे. आता भाचा सुट्टीभर चादरी वाळत घालतो. गेल्या मेमध्ये मी स्वतः समुद्रावर तीनदा गेले, त्यातलं एकदा एका पाहुण्याची चप्पल शोधायला.

पण खरं सांगायचंय ते वेगळंच. गेल्या वर्षी रात्री साडेअकराला दारात दोन गाड्या थांबल्या. सोलापूरची एमएच १३ ची पाटी बघून मला भरून आलं हो! आपली माणसं! बुकिंग सहाजणांचं, उतरले अकरा. ठीक आहे, उन्हाळ्यात पाहुणा मोजायचा नसतो. आईनं आपली खाट दिली. वहिनीनं चूल पुन्हा पेटवली. सकाळी नऊला वरच्या दोन्ही टाक्या कोरड्या. मागे जाऊन बघते तर एक गृहस्थ पाइप लावून गाडी धूत होते.

कोकणात काय पाणीच पाणी, असं इथे सगळ्यांना वाटतं. पाऊस सोलापूरच्या पाच-सहापट पडतो हे खरंच आहे. पण खाली जांभा दगड आहे. तो पाणी धरत नाही, पावसाळा सरला की सगळं समुद्राला जाऊन मिळतं. दिवाळीत तुडुंब असलेल्या विहिरीत मेमध्ये कळशी बुडेल एवढंच पाणी राहतं. मी त्या गृहस्थांना अगदी गोडीनं विचारलं, राहता कुठे? तर जुळे सोलापूर. म्हटलं, मग पाणी किती दिवसांआड येतं तुमच्याकडे? ते मोकळेपणानं हसले आणि म्हणाले, “चार दिवसांआड की ओ मावशी! म्हणून तर हितं मनसोक्त नहायला आलो.”

यावर काय बोलणार? तरी मी काहीतरी बोललेच. दादानं टँकर मागवला आणि त्याचे पैसे बिलात लावले नाहीत, कारण माणसं बहिणीच्या गावची. आठ दिवसांनी मोबाइलवर अभिप्राय आला: एक तारा. पाण्याची गैरसोय, जेवण बरं, मालकीण खोचक बोलते. ती मालकीण मीच. शिवाय दोन टॉवेल गेले ते गेलेच. म्हणजे मी इथून नेलेले सोलापुरी टॉवेल महिनाभर समुद्रकाठी राहिले आणि एमएच १३ मधून परत आले. कोकणदर्शन फुकट!

सगळेच पाहुणे असे नसतात. मंगळवेढ्याचं एक शिक्षक जोडपं दरवर्षी येतं. येताना मालदांडी ज्वारीचं पीठ आणतात आणि बाई स्वतः चुलीपुढे बसून भाकरी थापतात. त्यांची खोली आम्ही मार्चपासूनच कुणाला देत नाही.

आता तुमच्या ‘घरबसल्या कमाई’चा हिशोब. १५ एप्रिल ते जूनचा पहिला आठवडा, एवढाच खरा हंगाम. १ जूनला मासेमारी बंद होते, मग पाऊस. भरलेले दिवस तीस धरा, तीन खोल्या, खोलीला १८०० रुपये. झाले एक लाख बासष्ट हजार. ऐकायला बरे वाटतात. त्यातून अ‍ॅपवाल्यांचा वाटा, वीजबिल, टँकर, मदतीला येणाऱ्या दोन बायकांची मजुरी आणि खाऱ्या वाऱ्यानं गंजलेला एसीचा बाहेरचा डबा बदलायचा. पावसाळ्यात गाद्यांना बुरशी येते ती वेगळीच. २०२० आणि २०२१ चे दोन्ही मे तर कोरोनातच गेले, वर तौक्ते वादळानं पोफळी आडव्या केल्या. तेव्हा या चंगळीवर कुणी लिहिल्याचं आठवत नाही.

आपल्या लेखकांनी यंदा मेमध्ये यावं. खोली मिळणार नाही. खळ्यात अंथरूण मिळेल आणि विळी मिळेल.

आपली नियमित वाचक,
एक माहेरवाशीण, विजापूर रोड, सोलापूर

ता. क. त्याच पानावर सोलकढीची कृती छापलीत, तीत रंगासाठी बिटाचा तुकडा घाला म्हटलंय. सोलकढीला रंग आगळाचा, म्हणजे कोकमाच्या रसाचा येतो. आगळ मिळत नसेल तर आमसुलं कोमट पाण्यात तासभर भिजवून कोळून घ्यावीत आणि तरीही रंग फिका आला तर फिकी प्यावी. पुरवणीत पाककृती कोण तपासतं, ते कळवावं.